दहा तारीख ते महिनाअखेर

बँकेतून निवृत्त झालेल्या आम्हा लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला कुणाला तरी गहिवर येतो. जाडजूड लेजरचा फोटो, पितळी टोकनांचा फोटो आणि खाली ‘काय ते दिवस!’ दिवस छान होते हे खरंच, पण ते आम्हाला. काउंटरच्या पलीकडे उभं राहणाऱ्यांना विचारलं, तर उत्तर वेगळं येईल.

मी १९८१ मध्ये रेवदंड्याच्या शाखेत क्लार्क म्हणून लागले. कुलाबा जिल्ह्याचा रायगड त्याच वर्षी झाला, पण आमचे रबरी शिक्के पुढे कितीतरी दिवस ‘जि. कुलाबा’च उमटवत होते. जुनं झिजल्याशिवाय नवं मागवायचं नाही, हा हेडक्लार्कांचा दंडक. साळावचा पूल अजून व्हायचा होता. पलीकडची माणसं तरीने खाडी ओलांडून येत, त्यामुळे आमची गर्दी तरीच्या वेळेवर ठरायची. कोर्लईच्या ख्रिस्ती बायका आपसात त्यांच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत बोलायच्या आणि आमच्याशी मराठीत. वाडीवाले सुपारीचे पैसे भरायला यायचे. कोळणी आणायच्या त्या नोटा ओल्या; कॅशिअर त्या पंख्याखाली पेपरवेट ठेवून वाळवायचे.

शंभर रुपये काढायचे तर स्लिप द्या, टोकन घ्या. मग आम्ही लेजरातलं पान काढून सही किंवा अंगठा बघणार, नोंद करणार, साहेब सही करणार, आणि मग कुठे टोकनाचा पुकारा. अर्धा तास सहज जायचा. “झालं का गो बाय?” असं मावशी दोन-तीनदा विचारायची. तिची मासळीची पाटी बाहेर पायरीवर, मांजरांच्या राज्यात. आम्ही आपल्या “बसा मावशी, होतंय,” म्हणून पुढचं पान उलटायचो.

मजा होती ती लेजर जुळवण्याची. खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी पैशापैशाने जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. फरक ६३ रुपयांचा आला की जुनी मंडळी आधी त्याला नऊने भागून बघत. भाग गेला, तर कुणीतरी ८१ चे १८ लिहिले असण्याचा संभव. भाग नाही गेला तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद नावे पडलेली असू शकते. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं मला आठवत नाही. शेजारच्या टेबलावरून ऐकूनच शिकायचं. चूक सापडली की टाळ्या, चहा, भजी. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटायचं.

तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं, म्हणून सहामाही क्लोजिंग ३० जूनला. बाहेर पाऊस, वीज गेलेली, दमट कागदावर शाई फुटतेय, आणि आम्ही मेणबत्तीच्या उजेडात बचत खात्यांचं व्याज काढतोय. प्रत्येक खात्याची, प्रत्येक महिन्यातली, १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक घ्यायची. अशा सहा रकमांची बेरीज करून तिला व्याजदराने गुणायचं आणि १२०० ने भागायचं. हा देशभरातल्या बँकांचा नियम होता.

आता त्याचा अर्थ बघा. खात्यात महिनाभर २००० रुपये पडून आहेत आणि ३० तारखेला १९०० काढले, तर त्या महिन्याचं व्याज फक्त १०० रुपयांवर. बाराव्या तारखेला पैसे भरले, तर त्यांना तो महिना नाहीच. कोळीवाड्यात पावसाची बेगमी मेच्या शेवटच्या आठवड्यात भरली जायची. पावसात होड्या किनाऱ्यावर, नारळीपौर्णिमेपर्यंत हात आखडता. म्हणजे अख्ख्या हंगामात साठवलेला पैसा नेमका अशा दिवशी बाहेर पडे, की मेचं व्याज बुडावंच. पगारदाराचा पगार मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच जमा होई. नियम कुणी वाईट हेतूने केला नव्हता. रोजच्या शिलकेवर व्याज काढायचं, तर आम्ही क्लार्क लोक मेणबत्तीसकट संपलो असतो. पण आमच्या हाताच्या मर्यादेची किंमत मावशी देत होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. आमच्यातले एक-दोघं “एक तारखेपर्यंत थांबता येईल का?” असं आवर्जून विचारत. तेवढंच.

संगणक आला आणि आपुलकी गेली, असं म्हणणाऱ्यांचं मला अर्धंच पटतं. आपुलकी होती, पण ती बहुतेक आमची आमच्यातच होती. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने बचत खात्यावर रोजच्या शिलकेप्रमाणे व्याज द्यायला लावलं, ते हातातून पेन गेल्यामुळेच शक्य झालं.

घरात आजी-आजोबांचं त्या काळचं पासबुक असेल तर काढून बघा. १० तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक शोधा, आणि त्या महिन्यात खरोखर किती पैसे किती दिवस बँकेत होते ते शेजारी मांडा. हिशेब सोपा आहे, कॅल्क्युलेटरही लागणार नाही.