फुकट आहे, पण पोचलंय का?

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो उभं राहतंय. चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यातून धावणारा लेझर आणि त्यानं मोजायच्या गुरुत्वीय लहरी. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून कट्ट्यावर एकच विषय: आपल्या पोरांना तिथं काय मिळणार? गेटवरची ड्यूटी की आत मशीनजवळचं काम?

याचं अर्धं उत्तर खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. ज्या एमआयटीनं कॅल्टेकसोबत अमेरिकेतलं लायगो उभारलं, तिनंच २००१ मध्ये आपल्या वर्गातल्या नोट्स, असाइनमेंट, पेपर जगाला फुकट द्यायचं ठरवलं. आपल्याकडं सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. सिव्हिल, मेकॅनिकल, ऑप्टिक्स, कंट्रोल सिस्टीम, सगळं आयआयटीच्याच प्राध्यापकांकडून. फी शून्य. कोचिंगवाल्यांचे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात, याचा फ्लेक्स मी तरी अजून पाहिलेला नाही.

मग घोडं अडतं कुठं? बऱ्याचदा तिसऱ्या लेक्चरला. दहावीपर्यंत मराठीत 'बल', 'त्वरण', 'जडत्व' शिकलेल्या पोरासमोर सर भरभर इंग्रजीत 'मोमेंट ऑफ इनर्शिया' म्हणतात. हा आपल्या जडत्वाचाच भाऊबंद आहे, एवढं सांगायला शेजारी कुणी नसतं. पोरगा हुशार असतो, पण टॅब बंद करतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलनं पायथन, सायलॅबसारखी सॉफ्टवेअर छोट्या छोट्या व्हिडिओंमधून मराठी आवाजात शिकवून दाखवली. म्हणजे जमतं. थिअरीच्या अवघड विषयांना एवढी माया अजून मिळालेली नाही, हे खरं दुखणं.

दुसरी अडचण पैशाची. शिकणं फुकट, पण सर्टिफिकेट हवं तर हजारेक रुपये परीक्षा फी आणि केंद्रावर जाऊन पेपर. १०० पैकी ७५ मार्क त्या पेपरलाच. केंद्र परगावचं आलं की एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस वेगळा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून करून क्रेडिट घेता येतात. पण कॉलेजनं ते स्वीकारलं तरच ना!

म्हणून मागणी मोठी नाही. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, हिंगोली, प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास एक स्क्रीन, नेट आणि मराठीत समजावून सांगणारा एक सीनियर. परीक्षेची फी जिल्हा नियोजनातून द्यावी. लायगोच्या कोटींपुढं ही रक्कम चहापाण्याएवढीसुद्धा नाही.

तोवर तिघा-चौघांनी मिळून एक कोर्स धरा, एकाच मोबाइलवर बघा, अडलं तिथं थांबा. नवे कोर्स जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, फी भरायची की नाही ते नंतर ठरवता येतं.