खारे खाल्ले, गोडाला हात लावला नाही!

परीक्षक म्हणून बोलावणे आले की डॉक्टर मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत, आणि बोलावणे खाण्याचे असेल तर मुळीच नाही. गेल्या महिन्यात आमच्या गावातील एका महिला मंडळाने पाककृती स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'बिस्किटांपासून गोड व तिखट पदार्थ'. परीक्षक तिघे होतो: एक निवृत्त शिक्षिका, केटरिंगचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आणि मी. इस्लामपूर म्हणा की २०२५ साली सरकारने दिलेले ईश्वरपूर म्हणा, गाव तेच आहे, आणि चहाबरोबर खारी, बटर, टोस्ट लागण्याची सवयही तीच आहे. त्यामुळे विषयाला प्रतिसाद दांडगा मिळाला. टेबलावर सोळा ताटल्या होत्या. नऊ तिखट-खाऱ्या, सात गोड. चवीला दहा, मांडणीला दहा आणि नावीन्याला दहा गुण होते.

पदार्थ खरोखर चांगले होते, हे आधी सांगितले पाहिजे. खाऱ्या बिस्किटावर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि वरून बारीक शेव, हा प्रकार तर घरोघरी होतो. पण एकीने त्यात शेवेऐवजी भडंगाचा चुरा घातला होता. सांगलीकर माणूस त्याला गुण कमी देऊच शकत नाही. दुसऱ्या एका ताटलीत बिस्किटावर दही आणि डाळिंबाचे दाणे होते. दिसायला सगळ्यांत सुरेख, पण आमची पाळी येईपर्यंत दह्याचे पाणी बिस्किटात उतरले आणि ते बोटातच वाकले. गोडात मारी बिस्किटाचा खोबरे घातलेला रोल होता, ग्लुकोज बिस्किटांचा केक होता, कंडेन्स्ड मिल्क घालून वळलेले लाडू होते. मला मात्र सर्वांत आवडली ती एक साधी गोष्ट: खाऱ्या बिस्किटावर मऊ गूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट. मीठ गोडाला उठाव देते, हे पुरणात चिमूटभर मीठ टाकणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. बिस्किट कंपन्यांनीही ते ओळखले म्हणून तर क्रॅकजॅक आणि फिफ्टी-फिफ्टीसारखी धड गोड नाहीत, धड खारी नाहीत अशी बिस्किटे निघाली.

आमची गुण देण्याची पद्धत मात्र अगदी गावठी होती, हे कबूल करतो. अन्नपदार्थांची चव शास्त्रशुद्ध तपासायची असते तेव्हा नमुन्यांवर नावे नसतात, तीन आकडी संकेतांक असतात. प्रत्येक परीक्षकाला नमुने वेगवेगळ्या क्रमाने देतात, मध्ये पाण्याने चूळ भरायला लावतात, आणि पुष्कळदा घास गिळायचाही नसतो. आवडनिवड मोजण्याची नऊ पायऱ्यांची पट्टी आज जगभर वापरतात. ती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या जेवणासाठी तयार झाली. चूळ भरूनही जिभेवर चव रेंगाळली तर ती घालवायला काय देतात, ठाऊक आहे? बिनमिठाचे साधे क्रॅकर बिस्किट! आमच्याकडे यातले काहीच नव्हते. ओळीने खात गेलो, सगळे गिळले आणि मधूनमधून चहा घेतला. लाडवानंतर खाल्लेला केक बिचारा अळणी लागला. त्या केकवर अन्याय झाला असे माझे आजही मत आहे.

पण लेख लिहायला बसलो तो या अन्यायासाठी नव्हे. माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. (त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे.) स्पर्धा सुरू होतानाच त्यांनी संयोजकांना सांगितले, "गोडाचे गुण तुम्ही दोघे द्या. मी फक्त खारे चाखीन." सर्वांनी त्यांच्या संयमाचे कौतुक केले. मीही केले, आणि त्याची मला आता लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, काल घरी जाऊन साखर तपासली, २८६ निघाली. मशीन बिघडले असेल का हो? मी गोडाला हातसुद्धा लावला नाही."

मशीन बिघडले नव्हते. हिशेब बिघडला होता. नऊ ताटल्या, प्रत्येकीतील दोन बिस्किटे, म्हणजे अठरा बिस्किटे. एक खारे बिस्किट साधारण चार ग्रॅमचे धरा. अठरांचे झाले ७२ ग्रॅम. त्यात मैद्याचा पिष्टमय भाग जवळजवळ ५० ग्रॅम. इतका पिष्टमय भाग मध्यम आकाराच्या तीन पोळ्यांत असतो. बाईंनी चहाच्या वेळेला, जेवणाच्या आधी, भाजी-आमटीशिवाय तीन पोळ्या खाल्ल्या, आणि पोटाला त्याचा पत्ताही लागला नाही. वरची शेव आणि बटाटा मी धरलेलाच नाही.

मैदा म्हणजे पीठ आणि पीठ म्हणजे शेवटी साखरच, एवढे लक्षात घेतले की कोडे सुटते. घरी करून पाहा. भाकरीचा किंवा पोळीचा एक कोरडा घास तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता मिनिटभर चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागतो. लाळेतील अमायलेज नावाचे पाचक द्रव्य पिठाचे तुकडे करून त्याची साखर करू लागते. पुढचे काम आतड्यात होते. बिस्किटात पीठ इतके बारीक दळलेले आणि कोरडे भाजलेले असते की आतड्याला फारसे कष्ट उरतच नाहीत.

टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ साली खाद्यपदार्थ रक्तातील साखर किती झपाट्याने वाढवतात हे मोजण्याची एक पट्टी मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. या पट्टीवर शुद्ध ग्लुकोज १०० धरले, तर आपल्या डब्यातील साखर ६५ च्या आसपास येते. आणि परदेशात मोजलेले साधे खारे सोडा क्रॅकर? ७४ च्या आसपास! साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि तो रक्तातील ग्लुकोज तितका चढवत नाही. मैद्याचे मात्र सगळे ग्लुकोजच होते. यावरून कोणी साखर खायला सुरुवात करू नये. बिस्किटागणिक आकडा बदलतो, आणि वर चीज, दही किंवा शेंगदाणे असतील तर चढ थोडा मंदावतो. पण जीभ ज्याला 'खारे' म्हणते त्याला रक्त 'खारे' म्हणत नाही, एवढे तरी यातून कळावे.

माझ्या दवाखान्यात रोज कोणीतरी सांगते, "साखर बंद केली डॉक्टर, बिनसाखरेच्या चहात दोन खारी बुडवतो, बस." २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर तेरा कोटींहून अधिक उभे आहेत. यातले किती जण खारीला औषधासारखी निरुपद्रवी समजत असतील?

खारीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मैद्याच्या पोळीवर तूप किंवा वनस्पती पसरून घडी घालायची, लाटायची, पुन्हा घडी घालायची. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि तुपाने वेगळे ठेवलेले पापुद्रे सुटतात. म्हणजे तूप भरपूर असल्याशिवाय खारी फुलतच नाही. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक खारी तासभर ठेवा (हा अंक वाचून झाल्यावर), कागद पारदर्शक होतो. पूर्वी वनस्पती तुपातून ट्रान्स फॅट मोठ्या प्रमाणात पोटात जात असे आणि ते हृदयाला घातक. तेला-तुपातील त्याची मर्यादा सरकारने जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली, हे चांगले झाले. पण त्याची जागा बहुतेक ठिकाणी पामतेलाने घेतली आहे, आणि त्यातील निम्म्याच्या आसपास चरबी संपृक्त असते. पॅकबंद बिस्किटावर हे लिहिलेले तरी असते; काचेच्या बरणीतून तोलून दिलेल्या सुट्या खारीवर काय लिहिलेले असणार? बेकरीवाल्याला विचारायला लाजू नका. आपण भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारतोच.

पुड्याची मागची बाजू वाचायला चष्मा लागतो, पण वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. बहुतेक खाऱ्या बिस्किटांच्या यादीत साखरही सापडेल. मिठासाठी 'सोडियम' पाहा आणि त्या आकड्याला अडीचने गुणा. शंभर ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ झाले दोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. घरच्या लोणच्या-चटणीनेच आपण त्या रेषेला टेकलेले असतो, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांना खारे बिस्किट दुहेरी महाग पडते.

गोड आणि खारे आलटून पालटून ठेवण्यातही एक फसगत आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविच दिली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक राहते. लग्नात जिलबीनंतर मठ्ठा आणि मठ्ठ्यानंतर पुन्हा जिलबी का जाते, ते यात आले.

मग स्पर्धा घ्यायच्याच नाहीत का? असे मी म्हणणार नाही. माझी मागणी एवढीच आहे की तीस गुणांना आणखी दहा जोडा आणि ते आरोग्याला द्या. चाखायला अर्धे बिस्किट ठेवा. आणि 'बिस्किट' या शब्दाला इतके चिकटून राहू नका. कारण एक ताटली आम्ही स्पर्धेतून बाद केली, तिची मला अजून चुटपुट आहे. एका तरुण मुलीने ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे मांडले होते. त्यावर मोड आलेली मटकी, लसणाची चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. कुरकुरीतपणात कोणत्याही क्रॅकरला ती हार जाणार नव्हती. ज्वारीही पिष्टमयच, साखर तीही वाढवते. पण कोंड्यासकट दळलेले पीठ, वर कडधान्य, आणि चावायला लागणारा वेळ, यामुळे दोन तुकड्यांत हात थांबतो. केटरिंगवाले म्हणाले, "नियमात बिस्किट लिहिले आहे." नियम नियमच, म्हणून मी गप्प बसलो. बसायला नको होते.

माझ्या डायरीत त्या दिवशीचे माझे स्वतःचे गुण लिहिलेले आहेत, चाळीसपैकी. कडक भाकरी ३४. गूळ-शेंगदाणा ३०, गोड असूनही, कारण एक खाल्ल्यावर पुरे वाटते. भडंगवाले बिस्किट २७. दही-डाळिंब लगेच खाल्ले तर २६, पाच मिनिटांनी १५. कंडेन्स्ड मिल्कचा लाडू चवीला दहापैकी नऊ आणि आरोग्याला शून्य. एकूण आकडा त्या माउलीला वाईट वाटेल म्हणून देत नाही. प्रत्यक्षात पहिला नंबर त्याच लाडवाला मिळाला, आणि त्या निकालपत्रावर माझीही सही आहे.

बाईंची साखर आठवड्याभरात खाली आली. त्या आता चहाबरोबर मूठभर फुटाणे घेतात आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचे नियम लिहून देण्याचे काम त्यांनी मंडळाकडून मागून घेतले आहे. पहिला मसुदा परवा मला वाचून दाखवला. त्यात 'बिस्किट' या शब्दापुढे त्यांनी 'अथवा भाकरी' असे लाल शाईने घातले आहे.