दाखला

मराठीतला ‘दाखला’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. जन्माचा, उत्पन्नाचा, शाळा सोडल्याचा, असे सारे शिक्क्यांचे कागद त्याच्या पोटात मावतात. शिवाय ‘उदाहरण’ असाही त्याचा अर्थ आहेच. कचेरीतले कारकून देतात ते दाखले पहिल्या जातीचे. आम्ही मास्तर मंडळी वर्गात देतो ते दुसऱ्या. पण क्वचित एकच गोष्ट दोन्ही अर्थांनी दाखला होऊन बसते. दक्षिण कोरियात तसे घडले.

अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेसाठी लागणारी वस्तू, मग ती फ्यूज असो, स्विच असो की केबल असो, आपला दाखला बरोबर घेऊन येते. ‘हिची परीक्षा घेतली, ही उतरली’ असे त्यावर लिहिलेले असते. ह्या कागदावर एवढी भिस्त का? तर अपघात होऊन वाफ कोंडली, उष्णता आणि किरणोत्सर्ग वाढला, तरी जिच्यातून यंत्रांना इशारे गेलेच पाहिजेत, अशी केबल नुसत्या डोळ्यांनी पारखता येत नाही. शांत दिवसांत चांगली आणि वाईट केबल सारखीच काम करते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये उघडकीस आले की, ८ पुरवठादारांनी मिळून ६० दाखले बनावट दिले होते. योंगग्वांगच्या २ अणुभट्ट्या बंद करून हजारो सुटे भाग बदलावे लागले. पुढे मे २०१३ मध्ये कुणाकडून तरी कुणकुण लागली आणि कळले की, केबलींच्या परीक्षेचे निकालच फिरवलेले आहेत. शिन कोरी आणि शिन वोल्सोंग येथल्या २ चालत्या भट्ट्या थांबवल्या गेल्या. दुरुस्तीसाठी बंद असलेल्या तिसरीला केबली बदलेपर्यंत सुरू होण्याची मनाई झाली. उन्हाळा तोंडावर, आणि देशातल्या २३ भट्ट्यांपैकी १० बंद! ऑगस्टमध्ये सरकारी कचेऱ्यांना वातानुकूलन बंद ठेवून घाम पुसत काम करावे लागले.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, केबली तर नीट चालत होत्या ना? मग एवढा आटापिटा कशाला?’ ह्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कुकरची शिट्टी रोज बोलते; तिची परीक्षा रोज होते. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र वर्षानुवर्षे मुका असतो. तो मुका आहे म्हणून चांगला आहे, असे कोणती गृहिणी म्हणेल? तो नकली असल्याची शंका आली, की शहाणी बाई कुकर बाजूला ठेवते, नवा व्हॉल्व्ह आणते, आणि त्याच दुकानातून शेजारच्या वहिनींनीही घेतला होता का, हे विचारून येते. अणुकेंद्रातली रीतही ह्याहून निराळी नाही: संशयित माल वेगळा काढायचा, त्यावर चिठ्ठी लावायची, त्याच खेपेतला माल आणखी कुठे बसवला आहे ते शोधायचे, आणि वर कळवायचे.

हे शेवटचे काम सर्वांत अवघड. अमेरिकेने १९७४ साली ते कायद्यातच घातले. सुरक्षिततेला मोठा धोका पोचवील असा दोष कळला, तर जबाबदार अधिकाऱ्याने नियामक मंडळाला कळवलेच पाहिजे. नियमाने त्याला दोन दिवसांची मुदत आहे. जाणूनबुजून गप्प बसला तर दंड त्याला स्वतःला. आणि हे कलम कामाच्या जागी सर्वांना दिसेल असे भिंतीवर लावावे लागते!

कायद्याला इतके का करावे लागले? मला वाटते, भाषा त्याचे कारण सांगते. ‘संशयी’, ‘शंकेखोर’, ‘खुसपट काढणारा’ — शंका घेणाऱ्याला आपल्याकडे एकही बरे नाव नाही. वस्तूवर शंका घेतली, की देणाऱ्या माणसावर घेतली असे होते. मग भिडेखातर आपण कागद फाइलीत लावून मोकळे होतो.

कोरियात ऑक्टोबर २०१३ पर्यंत १०० जणांवर खटले भरले गेले. नव्या केबली बसवून त्या ३ भट्ट्यांना जानेवारी २०१४ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. घाम निघाला, पैसा गेला. पण वाईट केबलीची परीक्षा अपघाताने घेतली नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी कितीकांची मुलेमुली आज कारखान्यांत, गोदामांत माल तपासून घेण्याचे काम करीत असतील. त्यांच्यातला कुणी दिवाळीला घरी आला असता म्हणाला, ‘बाबा, एका दाखल्याची मला शंका येते, पण साहेबांना सांगू कसे?’ तर ‘तुला काय करायचे आहे!’ असे म्हणू नका. आधी त्याला फराळाला बसवा, आणि मग म्हणा, ‘सांग. उद्याच सांग.’