घडी कागदाची, ओळख अपूर्णांकाची

व्याख्या पाठ झाली म्हणजे कल्पना समजली, असे पुष्कळ मुलांना वाटते. मला तसे वाटत नाही. "अपूर्णांक म्हणजे काय?" असे विचारले, की वर्गात व्याख्या घडाघडा म्हटली जाते. पण "१/४ मोठा की १/८?" असे विचारताच काही मुले चटकन "१/८" म्हणतात. कारण काय? तर ८ हा ४ पेक्षा मोठा आहे!

अशा वेळी वहीचा एक कोरा कागद घ्यावा. त्याला दोन घड्या घालाव्यात. कागद उलगडला, की चार सारखे भाग दिसतात. त्यांतील एक भाग पेन्सिलीने रंगवावा. हा झाला १/४. आता कागद पूर्वीसारखाच दुमडून आणखी एक घडी घालावी. भाग आठ होतात आणि प्रत्येक भाग आधीच्या निम्मा होतो. रंगवलेली जागा मात्र तेवढीच राहते. तिला आता २/८ म्हणायचे. छेद वाढला की भाग लहान होतो, हे मग घोकावे लागत नाही.

मित्रांनो, आपण गणित उर्दूतून शिकतो. उर्दूत अपूर्णांकाला 'कसर' म्हणतात. हा मूळचा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ मोडणे. मराठीत 'छेद' म्हणजे कापणे. भाषा दोन, पण हातातला कागद एकच! वस्तू ओळखीची असली, की दोन्ही भाषांतले शब्द जवळचे वाटतात.

कोणी म्हणेल, "असे खेळत बसलो तर अभ्यासक्रम कसा पुरा होणार?" पण घड्या घालायला पाच मिनिटे लागतात. न समजलेले पुन्हा पुन्हा घोकण्यात कितीतरी तास जातात.

मात्र वस्तूपाशीच थांबू नये. सहा-सात घड्यांनंतर वहीचा कागद पुढे दुमडता येत नाही. सात घड्यांचे १२८ भाग होतात. म्हणून अपूर्णांक तेथे संपतात का? नाही. १/२५६, १/५१२ असे निम्मे करत मन पुढे जातच राहते. कागद आपल्याला दारापर्यंत पोहोचवतो. आत आपणच जायचे असते.

म्हणून एखादी कल्पना अवघड वाटली, तर आधी आजूबाजूला पाहा. खडू, दोरा, पट्टी, डब्याचे झाकण, काहीतरी उपयोगी पडेल. आधी हाताने करा, मग डोळे मिटून तेच मनात पाहा. ते मनात स्पष्ट दिसले, तरच समजले म्हणा.