इकडचं-तिकडचं : ताट की टाट?



गणपतीच्या खुर्च्या आवरण्यात मागच्या अंकाची तारीख हुकली, क्षमस्व. त्यातून घरात दहा महिन्यांची मुलगी. सध्या माझं वाचन होतं ते रात्री दोनला, एका हातात बाटली धरून. तेव्हा या वेळचे किस्से झोपेचे आणि बाळांचेच आहेत.

पहिला शिकागोचा. डिसेंबर १९५१ मध्ये युजीन असेरिन्स्की या संशोधक विद्यार्थ्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला तारा चिकटवून रात्री यंत्राला जोडलं. झोपेत मधूनमधून पोराचे डोळे मिटल्या पापण्यांआड भराभर फिरू लागले. यंत्रच बिघडलंय, असं त्याला आधी वाटलं. (पीएच.डी. केलेल्यांना ही भावना ओळखीची असेल.) १९५३ साली शोध प्रसिद्ध झाला. हीच ती आरईएम झोप. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप या प्रकारची असते. आपल्याकडे म्हणतात ना, सटवाई हसवतेय, ती बहुतेक याच वेळी येत असावी! तेव्हा बाळाने जरा हात झटकले की लगेच उचलू नका.

स्वप्नावरून आठवलं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे'ची चाल झोपेतच सुचली. उठला आणि पियानोवर वाजवली. आपण ही कुठेतरी ऐकलेलीच असणार, म्हणून कितीतरी दिवस ज्याला त्याला विचारत होता. शब्द सुचेपर्यंत अंडाभुर्जीवरचं काहीतरी गुणगुणायचा. १९६५ साली ध्वनिमुद्रण झालं. ही झोप लागली होती लंडनमध्ये, मैत्रीण जेन ॲशर हिच्या घरी. जेन अभिनेत्री. १९५२ च्या 'मँडी' चित्रपटात ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. चित्रपट होता जन्मतः बहिऱ्या असलेल्या एका मुलीच्या बोलायला शिकण्याचा.

कानावर पडलं नाही तर जिभेवर येणं कठीण. इथून माझ्या घरचा विषय सुरू होतो. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. म्हणजे "अजून लहान आहे, काय कळतंय तिला" असं आपण म्हणतो, त्याच महिन्यांत कान इंग्रजीला बसत जातो.

माझी आई सहा महिने राहून ऑगस्टमध्ये सांगलीला परत गेली. आम्ही दोघं कामावर, मुलगी डे-केअरमध्ये. आईने अंगाया फोनवर रेकॉर्ड करून पाठवल्या. त्या लावून आम्ही निश्चिंत होतो. मग पॅट्रिशिया कुल यांचा सिॲटलचा २००३ सालचा प्रयोग वाचनात आला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी माणसं समोर बसून बोलली, खेळली. अशा बारा बैठका. बाळांचे कान चिनी उच्चार ओळखू लागले. दुसऱ्या बाळांना तेच टीव्हीवर दाखवलं, आणखी काहींना नुसता आवाज ऐकवला. त्यांना काहीच आलं नाही. रात्री दोनला मी ते पान पुन्हा वाचलं.

थोडा धीर दिला २०१४ च्या एका अभ्यासाने. दोन-अडीच वर्षांची मुलं स्काइपवर उत्तरं देणाऱ्या बाईकडून नवे शब्द शिकली, आधी चित्रित केलेल्या बाईकडून नाही. आमची बया त्याहून लहान, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलायला माझ्यातला रसायनवाला तयार नाही. तरी आता रोज सकाळी साडेसातला, सांगलीत संध्याकाळचे पाच, फोन तिच्या खुर्चीसमोर उभा असतो. आई विचारते, "ताट कुठाय गं?" बया वाटी खाली फेकते. आई म्हणते, "अगं, ती वाटी!" आणि दोघी हसतात.

रविवारच्या शिशुवर्गासाठी, इथे आलेल्या आजी-आजोबांपैकी कोणी अर्धा तास जमिनीवर बसून बाळांशी गप्पा मारायला तयार असेल, तर नाव माझ्याकडे द्यावं. गुडघ्यांसाठी पाट आणि उशी मिळेल. चहा मी करीन.