दयेचा धनादेश आणि हक्काची भरपाई

सुरत जिल्ह्यातील कोसंब्याजवळ पालोद नावाचे एक गाव आहे. १९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटताच किम–मांडवी रस्त्यावर या गावाशेजारी जे घडले, त्याची आठवण आज किती जणांना असेल याची शंकाच आहे. एका ट्रकची उसाने भरलेल्या ट्रॅक्टरशी टक्कर झाली, चालकाचा ताबा सुटला आणि तो ट्रक रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून गेला. पंधरा माणसे दगावली. बहुतेक सगळी राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यातून पोटासाठी आलेली. थंडीच्या दिवसांत अंगाखाली रस्त्याची कड आणि अंगावर चादर, एवढाच त्यांचा निवारा होता.

दुसरा दिवस उजाडला आणि आपल्या देशात अशा प्रसंगी जे होते ते यथासांग झाले. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर झाले. गुजरात सरकारने दोन लाख जाहीर केले. राजस्थान सरकारनेही तेवढीच रक्कम देऊ केली. शोकसंदेश निघाले, चालकाला अटक झाली आणि प्रकरण वृत्तपत्रांच्या पानांवरून उतरले. सरकारांनी तत्परता दाखविली याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या घरात संध्याकाळची चूल पेटण्याची भ्रांत असते, तेथे तातडीच्या मदतीचे मोल कोणीही कमी लेखू नये. आमचा आक्षेप आहे तो या मदतीलाच 'नुकसानभरपाई' म्हणण्याच्या रूढीला. हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. या एका चुकीच्या शब्दाने शेकडो गरीब कुटुंबांचे लाखो रुपये बुडतात.

सरकारची मदत ही राज्यकर्त्यांच्या इच्छेवर अवलंबून असते. मृतांची संख्या मोठी असेल, बातमी दिल्लीपर्यंत पोहोचली असेल, तर ती मिळते. त्याच रस्त्यावर, त्याच रात्री एकटाच कोणी पादचारी टेम्पोखाली सापडला, तर त्याच्या विधवेसाठी कोणताही निधी जागा होत नाही. नुकसानभरपाई मात्र हक्क आहे. ती सरकारने द्यायची नसून वाहनाच्या मालकाने आणि त्याच्या विमा कंपनीने द्यायची असते. त्रयस्थाच्या हानीचा विमा उतरविल्याशिवाय कोणतेही वाहन रस्त्यावर आणता येत नाही, ही तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे ती याचसाठी. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की सरकारी मदत स्वीकारल्याने हा हक्क बुडत नाही.

या दोन रकमांतील अंतर किती असते, हे हिशेब मांडल्यावाचून ध्यानात येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात आणि २०१७ मध्ये घटनापीठाने प्रणय सेठी खटल्यात या हिशेबाची रीत घालून दिली आहे. उदाहरणादाखल सत्तावीस वर्षांचा, महिन्याला नऊ हजार रुपये मिळविणारा एक मजूर घेऊ. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे उत्पन्न १,०८,००० रुपये. वय चाळीसच्या आत असल्याने पुढील कमाईच्या वाढीपोटी त्यात चाळीस टक्के मिळवायचे, म्हणजे १,५१,२०० रुपये झाले. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे, उरले १,१३,४००. या वयाला लागू असलेल्या सतराच्या गुणकाने त्यास गुणले की १९,२७,८०० रुपये होतात. अंत्यविधीचा खर्च आणि सहवास गमावल्याबद्दलची रक्कम निराळीच. ज्याला हयातीत कोणी नऊ हजारांहून अधिक मोलाचा मानला नाही, त्या माणसाची किंमत कायदा वीस लाखांच्या घरात करतो. त्याची विधवा मात्र दोन लाखांचा धनादेश हाती घेते, साहेबांना हात जोडते आणि 'भरपाई मिळाली' असे समजून गावी परतते.

असे का व्हावे? पहिले कारण म्हणजे अंतर. सुरतेतील मागावर, रंगाईच्या कारखान्यांत, बांधकामांवर आणि उसाच्या फडात राबणारे हात दूरदूरचे आहेत. त्यांत आपल्या खानदेशचेही थोडे नाहीत. ताप्तीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे पिढ्यान् पिढ्या सुरतेत येत आली. लिंबायत, उधना या भागांत त्यांची बिऱ्हाडे वसली. ऊसतोडणीच्या हंगामात दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे डांग आणि खानदेशातून टोळ्या निघतात. यांपैकी कोणी दगावला तर नातलग प्रेत घेऊन गावी जातात आणि कोर्ट राहते परमुलखात. परक्या शहरात, परक्या भाषेत, तारखांमागून तारखांना मजुरी बुडवून कोण येणार? पण कायद्याने ही अडचण केव्हाच दूर केली आहे, हेच कोणी त्यांना सांगत नाही. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावला पाहिजे असे नाही. दावेदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणापुढेही तो लावता येतो. सुरतेजवळ मेलेल्या मजुराच्या पत्नीला नंदुरबारात अथवा बांसवाड्यात राहून दाद मागता येते. आपल्या किनाऱ्यावरील वाचकांनीही हे परक्याचे दुखणे समजू नये. पालोदनंतर बरोबर दोन वर्षांनी, १९ जानेवारी २०२३ रोजी पहाटे, मुंबई–गोवा महामार्गावर माणगावजवळ रेपोली येथे ट्रकच्या धडकेत गुहागरकडे निघालेल्या मोटारीतील माणसे मृत्युमुखी पडली. गाव एकीकडे, पोट दुसरीकडे आणि मृत्यू वाटेत, ही चाकरमान्याची कहाणी कोकणालाही ठाऊक आहे.

दुसरे कारण मुदतीचे. १९८८ च्या कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा होती. गरिबांवर ती अन्याय करते हे ओळखून १९९४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती अमलात आली. दुखवट्यातून सावरून, कागद गोळा करून, वकील गाठेपर्यंत सहा महिने कसे निघून जातात हे ज्याच्या घरी असा प्रसंग आला त्यालाच विचारावे. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. हा दिलासा स्वागतार्ह असला तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणीही स्वस्थ बसू नये. सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करणे हेच शहाणपणाचे.

याच दुरुस्तीत एक चांगली तरतूद आहे. पण तिच्या पोटात एक खाचही आहे. चालकाचा दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये मागण्याची सोय तिने करून दिली. रस्त्याकडेला झोपलेल्या माणसाचाच निष्काळजीपणा होता, असा युक्तिवाद करणाऱ्यांना हे चांगले उत्तर आहे. तथापि विमा कंपनीशी तडजोडीच्या मार्गाने ही रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. वीस लाखांचा हक्क असलेल्या बाईपुढे पाच लाखांचा कागद ठेवून कोणी अंगठा मागितला, तर त्या अंगठ्याची किंमत पंधरा लाख आहे हे तिला कोणी समजावून सांगायचे?

आणखी एका गोष्टीकडे श्रमिकांच्या संघटनांनी लक्ष द्यावयास हवे. मालाच्या टेम्पोत भाडे वाचविण्यासाठी बसून जाण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. अशा फुकट्या वा भाडोत्री प्रवाशाची जबाबदारी मालमोटारीच्या विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. मालाचा धनी मालाबरोबर असेल किंवा हमाल त्या गाडीवर कामालाच असेल, तर गोष्ट निराळी. मजुरांना जनावरांसारखे टेम्पोत कोंबून कामावर नेणारा मुकादम त्यांचा जीव तर धोक्यात घालतोच, पण मागे राहणाऱ्यांचा आधारही काढून घेतो.

खरे तर या सर्व खटाटोपाचा भार दुःखितांच्या डोक्यावर असूच नये. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी तो पोलिसांवर टाकला आहे. अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि तपशीलवार अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. वाहनाचा विमा, चालकाचा परवाना, मृताचे वारस ही सर्व माहिती त्यात आली पाहिजे. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून चालविण्याची मुभा कायद्याने दिली आहे. नियम उत्तम आहे. प्रश्न आहे तो प्रत्येक पोलीस ठाण्यात तो पाळला जातो की नाही हा. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी वर्षभरात किती अपघातांचे असे अहवाल वेळेत पाठविले याचा तक्ता प्रसिद्ध करावा, अशी आमची मागणी आहे.

पोलीस जेथे कमी पडतात तेथे दलाल पोहोचतात. रुग्णालयाच्या दारात उभा राहून, भरपाईत टक्केवारी ठरवून, कोऱ्या कागदावर सह्या घेणारी जमात देशभर आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याने वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. ही माहिती दलालाच्या आधी पोहोचली पाहिजे. अशिक्षित वारसांची रक्कम लुबाडली जाऊ नये म्हणून ती मुदतठेवीत ठेवण्याची सूत्रे गुजरात उच्च न्यायालयाने १९८२ मध्येच घालून दिली होती, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण ठेव ठेवली आणि तिचा धनीच परतला नाही तर? ही कल्पना नव्हे. गुजरातमधील एका निवृत्त न्यायाधीशांनी याच प्रश्नावर लिहिलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांतील न्यायाधिकरणांत मंजूर झालेल्या भरपाईचे शेकडो कोटी रुपये दावेदारांवाचून पडून असल्याचे उघड झाले. रक्कम थेट वारसाच्या बँक खात्यात जमा व्हावी, असे निर्देश न्यायालयाने २०२५ मध्ये दिले. आधी दावा लावायला माणूस येत नाही, आणि लावला तर पैसा न्यायला येत नाही. कायदा आणि गरीब यांच्यात किती मोठी दरी आहे याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

पालोदपासून बारडोली फार दूर नाही. दोन्ही सुरत जिल्ह्यातच. १९२८ मध्ये सरकारने सुमारे २२ टक्क्यांची सारावाढ लादली तेव्हा बारडोलीचे शेतकरी सूट मागायला गेले नाहीत. वाढ अन्यायाची आहे, तिची चौकशी करा, एवढेच त्यांनी ठामपणे म्हटले. अखेर चौकशी झाली आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. सरदार पटेलांनी त्या शेतकऱ्यांना शिकविले ते याचना आणि हक्क यांतील अंतर. त्याच मातीत, त्याच उसाच्या गाड्यांच्या वाटेवर चिरडल्या गेलेल्या मजुरांची मुले मात्र आजही याचकांच्या रांगेत उभी आहेत. त्यांच्या हातात मदतीचा धनादेश देणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच वेळी दाव्याचा अर्ज आणि विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ताही द्यावा. त्यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको, तिजोरीतून एक पैसाही जावयास नको. एवढेही होणार नसेल, तर निदान त्या दोन लाखांना भरपाई म्हणणे तरी आपण सोडून दिले पाहिजे.