घंटीची हाक
पुणे-सातारा रस्त्यावरच्या किकवीत उन्हाळ्याच्या दुपारी कुल्फीवाल्याची घंटी किणकिणली, की अजूनही माझे पाय थबकतात. लाल फडकं गुंडाळलेल्या मटक्यात त्याचा हात कोपरापर्यंत जातो आणि पत्र्याचा निमुळता साचा बाहेर येतो. दोन्ही तळव्यांत तो गरगर फिरवला, की कुल्फी अलगद सुटते. या मटक्याला वीज लागत नाही. लागतो बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्य अंशाखालीही वितळतो, वितळताना साच्यातली उष्णता ओढून घेतो आणि आटवलेलं दूध गोठतं. फिलिपिन्समधले फेरीवालेही रंगीत लाकडी गाडीवर घंटी वाजवत, याच बर्फ-मिठाच्या जोरावर ‘सोर्बेतेस’ नावाचं आइस्क्रीम विकत आले आहेत. त्यात नारळाचं किंवा तिकडच्या म्हशीचं दूध असतं आणि मुलं ते पावात घालूनही खातात. समुद्रापलीकडेही घंटी ऐकून मुलं तशीच धावतात! इकडे कुल्फीत दाताखाली येणारा खव्याचा रवाळपणा, वेलचीचा वास, मनगटावर ओघळलेला गार थेंब. ही चव माणसाच्या हातातून येते. म्हणून आळीत घंटी वाजली, तर मुलांना अडवू नका. त्यांचं बोट धरून आपणही मटक्यापाशी जा.